दंडातली भुणभुण

८ सप्टेंबर, सोम. कच्छ, साइट

ताईचा फोन. आईच्या मानेतल्या लाईनला परत इन्फेक्शन. डायलिसिसचं मशीन चालू केलं की अर्ध्या तासात थंडी, दात कडकड, मग ताप. यंदाची तिसरी वेळ. लाईन काढायलाच लागणार म्हणाले. काढली तर रक्त कुठून घेणार? डाव्या हाताचा फिश्चुला, नसा जोडून केलेली सुयांची जागा, बंद पडला. त्यानंतर घातलेली प्लास्टिकची नळी पिकली, ती पण काढली. उजवा दंड तेवढा राहिलाय.
ताई म्हणे, "त्यातच नवीन नळी टाकणार आहेत. ही वेगळी असते."
वेगळी म्हणजे कशी, विचारलं.
"चांगली असते रे. तू ये फक्त."
ताई गोड बोलते तेव्हा काहीतरी असतं. बाबा गेले तेव्हा पण फोनवर असंच. तू ये फक्त.

१० सप्टें.

सुट्टी मिळाली. दिवाळीत साइटवर थांबेन असं लिहून दिलं तेव्हा. सुपरवायझर म्हणाला, तू परत येणार नाहीस, तुझं रेकॉर्डच असं आहे. रेकॉर्ड याला कोणी सांगितलं? रिक्षा सोडली, एमआयडीसीतलं पावडर कोटिंग सोडलं, कुरियर सोडलं, हे सगळं फक्त मामाला माहीत. इथे बोल्ट आवळायला चिकटवलं मामानेच. म्हणजे मामा बोलला.

१३ सप्टें., शनि. कल्याण

बेतुरकर पाड्यात शिरलो तर आई चाळीच्या दारात, रस्त्यावरच्या गाईला भाकरी देत होती. पहिली भाकरी गाईची. मुरबाडकडे गावाला होतो तेव्हा घरची गाय होती, चंद्री. इथे आल्यापासून जी रस्त्याने जाईल ती.
लई बारीक झालीय. मानेला पट्टी, त्यातून लाईनची दोन टोकं लोंबतात, वर रुमाल बांधते. पाणी दिवसाला दोन पेले. मला चहा काठोकाठ भरून, स्वतःला बशीत दोन घोट.
दुपारी डायलिसिस. मंगळ, गुरू, शनि. तीन दिवस तेच.
संध्याकाळी ताई डोंबिवलीहून आली. दोघी आत बोलत होत्या, मी गेलो तर गप्प. काय बोलत होता विचारलं. ताई म्हणे तुझ्या लग्नाचं. हसल्या दोघी.
हसण्यासारखं काय त्यात.

१५ सप्टें., सोम.

नौपाड्याला डॉक्टरकडे. ताईला जमलं नाही, दाजी, आई नि मी. दाजीच्या शेजाऱ्याची इको गाडी. शीळफाट्याला दीड तास एकाच जागी. दाजी नौपाड्यातच औषधाच्या दुकानात कामाला, हा डॉक्टर त्यानेच शोधला. औषधवाला नि डॉक्टर. डाऊट नं. १.
डॉ. शांत माणूस. कागदावर हात काढला. एक लाल रेघ, एक निळी, मधे वाकडी नळी. रक्त इथून येणार, इथे जाणार, सुया मधल्या नळीत. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन, टॉर्कचा पाना कुठे ठेवलास. जिन्यात गेलो. पंधरा मिनिटं त्या पान्यावरून भांडण. परत आलो तर आई पदर सारखा करत होती, डॉ. पेनाला टोपण लावत होते.
"झालं बोलणं," आई म्हणाली.
टेबलावर फॉर्म. चार पानं, सगळं इंग्लिश. आईची सही झालेली, तिची ती मोठी मोठी अक्षरं. मला म्हणाले नातेवाईक म्हणून इथे करा, पण वाचून घ्या. आठवीपर्यंतचं इंग्लिश. वाचल्यासारखं केलं. पान उलटलं, थांबलो, परत मागे गेलो, मान हलवली. सही केली.
बाहेर दाजी एका टायवाल्याबरोबर चहा पीत होता. मला बघून टायवाल्याने कप ठेवला नि निघाला. कोण हा? दाजी म्हणे कंपनीचा माणूस. कसली कंपनी? "अरे, त्या नळीची."
डाऊट नं. २.

१९ सप्टें., शुक्र. नौपाडा

ऑपरेशन. टायवाला आजपण. हातात एक खोका, दोन्ही हातांनी धरलेला, देवळातून प्रसाद आणतात तसा. ऑपरेशनच्या खोलीत गेला, हिरवे कपडे घालून. याला आत काय काम? दाजी म्हणे, साइज वगैरे दाखवतो. साइज डॉक्टरला कळत नाही काय?
दोन तास. मग आईला बाहेर आणलं, डॉ.नी तिच्या दंडावर बोटं ठेवली, छान आहे म्हणाले. माझी बोटं धरून मलापण लावायला दिली. आत थरथरतंय. फोन व्हायब्रेटवर ठेवल्यासारखं, पण थांबतच नाही. ही थरथर आहे तोवर नळी चालू. रोज सकाळ-संध्याकाळ हात लावून बघायचं, थांबली तर लगेच फोन करायचा. त्या हाताने ओझं नाही, बीपी नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही.
आई गुंगीत होती. म्हणाली, "भुंगा बसलाय."

२१ सप्टें., रवि.

घरी सोडलं. टेंभी नाक्याला देवीच्या मांडवाचं काम चाललेलं, रस्ता अर्धा बंद, आई काचेतून हात जोडत होती.
घरी येऊन फाइल चाळली. आतल्या पानावर खोक्यावरचा स्टिकर चिकटवलाय. अंगठ्याएवढा. फोनचा कॅमेरा धरला, मराठी करून दाखवतो तो. आलं: गोजातीय कॅरोटिड धमनी. कॅरोटिड शोधलं. मानेतली मोठी नस.
तीन वेळा कॅमेरा धरला. तीन वेळा तेच.
गाईच्या मानेतली नस आईच्या दंडात. आणि फॉर्मवर सही माझी.
आई शेजारीच होती. म्हणाली, काय बघतोस एवढं? बिल, म्हटलं.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना

सकाळी दाजीच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं तोवर बाजूला उभा राहिलो, मग विचारलं. दाजी म्हणे हळू बोल.
"आईला गाईची नस घातली आणि कोणी बोललं नाही?"
"मला वाटलं तुला माहीत आहे. सही तर तूच केलीस, दिनू."
वाचलं नाही असं सांगायचं?
मग म्हणाला, प्लास्टिकची एकदा पिकली, परत पिकली असती तर? ही कमी पिकते म्हणे. टायवाल्याचा नंबर मागितला, जरा वेळ शोधल्यासारखं करून दिला. टायवाला लई गोड. सर, जनावराचं सगळं धुऊन काढलेलं असतं, फक्त सांगाडा राहतो, त्यावर पेशंटचं स्वतःचं मांस वाढतं. गाय, बैल की म्हैस? सर, बाहेरच्या देशातून येतं, सर्टिफिकेट आहे. मेलेली का मारलेली? फोन कट. परत लावला, उचलला नाही.
घरी आलो तर आईने घट बसवलेला. एका हाताने. माती तिने कालवली, नारळ मी ठेवला.
हिला कळलं तर काढून टाका म्हणेल. एकदा बोलली की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. बाबांच्या वेळी डॉक्टरने अंडी सांगितलेली, एकादशीला नाही म्हणजे नाही. आणि ही नळी काढली तर मानेतली लाईन नासतेय, तिसरी जागा नाही. तीन दिवसांवर चौथा डायलिसिसशिवाय गेला की पाय सुजतात, श्वास लागतो. मी बघितलंय.
कळता कामा नये. फाइल माझ्या बॅगेत ठेवली.

२४ सप्टें., बुध.

एकटाच नौपाड्याला गेलो. डॉ.नी आत घेतलं. सरळ विचारलं, आईला माहीत आहे का?
"मी सांगितलं त्यांना. सगळं. पेशंटला सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही."
"कधी?"
"तुम्ही फोनवर होतात तेव्हा."
बरोब्बर मी बाहेर असताना. म्हटलं, आणि ती हो म्हणाली? डॉ. म्हणाले, थोडा वेळ घेतला त्यांनी, मग हो म्हणाल्या. आणि मला म्हणाले, तुम्ही घरी बोला ना एकमेकांशी.
माझी आई. हे ऐकून. हो म्हणाली. पटत नाही. इंग्लिशमध्ये काहीतरी बोलला असेल, आईने मान हलवली असेल. मी नाही का हलवली.

२८ सप्टें., रवि.

ताईला विचारलं. तिच्या पोरीची शपथ घातली. तिला एवढंच माहीत की प्लास्टिकची नाही. खरं बोलत असेल. तोंड बघून वाटलं खरं. मी सांगितलं नाही काही.
आई सकाळ-संध्याकाळ दिवा लावून झाला की दंडावर बोटं ठेवते. डोळे मिटून. भुंगा आहे म्हणते. आज नीट बघितलं. बोटं काढली आणि कपाळाला लावली. गाईला हात लावल्यावर लावतात तशी.
पण ती रिक्षात बसली तरी हँडलला हात लावून कपाळाला लावते. सिलेंडर आला तरी. त्यावरून काय धरायचं.

३० सप्टें.

हे कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो.
तीन वर्षांपूर्वी मी पडघ्याला गोरक्षावाल्या पोरांबरोबर हायवेला गाईंचे टेम्पो अडवायला जायचो. काम नव्हतं. गळ्यात उपरणं घातलं की लोक भाऊ म्हणायचे, हॉटेलवाला चहाचे पैसे घ्यायचा नाही. एकदा एक टेम्पो उघडला तर आत कडब्याच्या पेंढ्या. तोवर ड्रायव्हरला चार-पाच बसलेल्या. वयस्कर माणूस. मग तो रस्त्याच्या कडेला बसून चप्पल शोधत होता, एकच सापडत होती. मी मारलं नाही. धरलेलं मी.
आईला कोणी सांगितलं अजून कळलेलं नाही. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "चंद्रीचं शेण काढलंस कधी? धार काढलीस?" आठ दिवसांत मामाला सांगून मला कच्छला लावून दिलं.
आज मशीनजवळ बसल्या बसल्या डोक्यात आलं. मी विचार करतोय आईपासून कसं लपवायचं. उलटं असेल तर? माझ्यापासूनच...
नाही. तिला माहीत असतं तर एवढी शांत राहिली नसती.

२ ऑक्टो., गुरू. दसरा

दसऱ्याला पण डायलिसिस. मशीनला झेंडूचं फूल बांधलेलं सिस्टरने. लाईनमधून आज परत थंडी वाजली, कमी होती. सिस्टर म्हणाली पुढच्या गुरुवारी नवीन नळीत सुई टाकून बघू.
आईने आपट्याचं पान दिलं. म्हणाली, सोन्यासारखा राहा, डोकं गरम करू नकोस. डोकं गरम कुठे करतोय मी? का बोलली?
रागाने दाजीला फोन केला, तूच आईला काही बोललास का. दाजी म्हणे, मेहुणे, तुम्ही दोन घास खा आणि झोपा.

९ ऑक्टो., गुरू. सेंटर

पहिली सुई. मी बाहेर थांबणार होतो, आई म्हणाली आत ये. सिस्टरने दंड चाचपला, कानाला नळ्या लावून ऐकलं, मलापण ऐकवलं. आत नदी वाहिल्यासारखं. श्श, श्श, न थांबता.
दोन सुया. जाड. आईने माझं मनगट धरलेलं, सुई गेली तेव्हा नखं लागली. मशीन फिरायला लागलं, लाल रक्त नळ्यांमधून. मी घड्याळ बघत होतो. अर्धा तास. थंडी नाही. एक तास. नाही. चार तास पूर्ण, एकदा पण दात वाजले नाहीत. आई घोरत होती.
सिस्टर म्हणाली, मावशी, मस्त चालतेय तुमची. आई म्हणाली, "चालणारच. गुणाची आहे."
कोण गुणाची? नळी? आपण नळीला असं बोलतो का? मी तिच्याकडे बघितलं, ती छताकडे.

१४ ऑक्टो., मंगळ.

मानेतली लाईन काढली. पट्टी लहान झाली. आईने आरशात बघितलं, पहिल्यांदा रुमाल न बांधता बाहेर गेली. शेजारच्या बायकांना दंड दाखवत होती, हात लावा म्हणत होती. एकेक बाई हात लावून बाई गं म्हणत होती. कोणी विचारलं, कसली आहे गं ही?
मी दारात.
आई म्हणाली, "चांगली आहे. डॉक्टरने दिली."
ताईचं वाक्य. की आईचं, आणि ताईने तिच्याकडून उचललेलं?

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस

आईचा उपास. दूध नाही, गहू नाही. बाजरीची भाकरी नि गवार, ती पण दोनदा उकळून पाणी फेकलेली, डायलिसिसवाल्यांच्या नियमाने. दरवर्षी पोरांसाठी करते. संध्याकाळी गांधारीकडच्या तबेल्यात जायचं म्हणाली.
मी म्हणालो दमशील, घरीच चित्राची पूजा कर. म्हणे, चित्राला भाकरी कोण भरवणार? चल.
का घाबरत होतो माहीत नाही. गाय काय बोलणार होती?
तबेल्यात सगळ्या म्हशी, गाय एकच, तांबडी. महिन्याचं वासरू. चाळीतल्या बायका, ताई, तिची पोरगी. पायावर पाणी, हळदकुंकू, भाकरीचा घास. सगळ्यांचं झालं, बायका फोटो काढायला वासराकडे गेल्या. आई गाईपाशीच. मी ताट धरून मागे.
तबेल्यातले चाचा वैरण टाकत होते. आईने त्यांना विचारलं, "चाचा, इसकी बड़ी नस किधर रहती है? गले में?"
चाचा हसले. आईचा उजवा हात धरून गाईच्या मानेवर खाली दाबून ठेवला. इधर, माताजी. डॉक्टर सुई भी इधरच मारता है.
"हिलापण सुया," आई म्हणाली. कोणाला म्हणाली कळलं नाही.
उजवा हात गाईच्या मानेत. मग डावा हात स्वतःच्या दंडावर ठेवला, रोज ठेवते तसा. डोळे मिटले. गाय उभीच्या उभी, कान तेवढे हलवत होती. किती वेळ ते सांगता येणार नाही. ताटातला दिवा विझला, मी तसाच धरून.
मग दोन्ही हातांची बोटं कपाळाला लावली.
येताना ताई नि पोरगी पुढच्या रिक्षात, मागच्या रिक्षात आम्ही दोघंच. विचारलं शेवटी.
"आई, चाचांना ते कशाला विचारलंस?"
"काय?"
"नस."
"असंच. चंद्रीला हयातीत कधी विचारलं नाही."
दुर्गाडीपर्यंत ट्रॅफिक. मला वाटलं आता बोलेल. तिला पण तसंच वाटत असेल, मी बोलेन.

१९ ऑक्टो., रवि. गाडीत

निघालो. बॅग भरताना फाइल काढली, कुठे ठेवू विचार करत होतो. आई म्हणाली, दे, सेंटरला लागते. तिने ती उघडलीच नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवली. लागते तर कपड्यांखाली का?
लाडू दिले डब्यात. दारात माझा हात घेऊन दंडावर ठेवला. "तिकडे गेल्यावर फोनवर ऐकवत जाईन," म्हणाली. "म्हणजे तुला डाऊट नको."
डाऊट शब्द तिचा नाही. माझा आहे. ही वही वाचली का काय?

२६ ऑक्टो., रवि. साइट

दिवाळी इथेच झाली. अर्धी पोरं गावाला, आम्ही सहाजण. दिवसभर बोल्ट.
दुपारी पाण्याच्या ड्रमवर एक गाय आली, इथे येतात कुठून कुठून. एरवी केबल तुडवतात म्हणून हाकलतो. आज हाकललं नाही. पाणी पीत होती तेव्हा मानेखाली हात लावायला गेलो. तिने मान झटकली, माझं हेल्मेट ड्रममध्ये. पोरं लई हसली.
संध्याकाळी आईचा फोन. काल चार तास नीट झालं, ताप नाही, पायांची सूज उतरली. ताईने करंज्या केल्या, तिने अर्धीच खाल्ली. मग म्हणाली, ऐकायचंय? हो म्हटलं. फोन दंडाला लावला असणार. आधी कापडाची खसखस, मग ती. भुणभुण. लांबून आल्यासारखी, पण आहे. मी कंटेनरच्या मागे जाऊन ऐकत होतो, वाऱ्यामुळे दुसऱ्या कानावर हात.
आवाज थांबला. आई म्हणाली, "दिनू, तुला काही विचारायचंय का?"
"नाही. तुला काही सांगायचंय?"
"नाही."
दोघांनी पण फोन ठेवला नाही. ती श्वास घेतेय ते ऐकू येत होतं, पूर्वीसारखी धाप नाही.
मग म्हणाली, "थांब, परत लावते." आणि लावला.